मर्दानी ताकदीच्या जाहिराती आणि एचआयव्हीवाले पुरुष

मा. संपादक,

तुमच्या पेपरात मर्दानी ताकदीच्या कॅप्सूलच्या जाहिराती सारख्या येतात, त्याबद्दल लिहायचंय. मी स्वतः एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, बरीच वर्षं एआरटी म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, आणि सेंटरवर लाईनीत बसल्यावर पुरुष मंडळी हळू आवाजात हेच सांगतात की बायकोजवळ जायला जमत नाही, काहींची तर इच्छाच गेलीय. काउन्सेलर मॅडमना कसं सांगायचं म्हणून मग जाहिरातीतला नंबर फिरवतात.

सगळ्यांना वाटतं हे एआरटीमुळेच होतंय, आणि काहीजण त्यापायी गोळ्या सोडून देतात, हे सगळ्यात वाईट. कारणं खूप असतात हो. एचआयव्हीत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी वयातच उतरू शकतं, आणि नुसती टोटल म्हणजे एकूण टेस्टोस्टेरॉनची टेस्ट केली तर रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो, कारण ते रक्तात धरून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रोटीन एचआयव्हीवाल्यांत बऱ्याचदा वाढलेलं असतं, म्हणून सकाळी रक्त देऊन फ्री म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन बघावं लागतं. शुगर, बीपी, तंबाखू, दारू यांनी रक्तवाहिन्या खराब होतात, शिवाय व्हायरस दबलेला असला तरी आतली सूज थोडी राहतेच. ताठरता न येणं ही कधीकधी हार्टच्या त्रासाची आधीची खूण असते, ती कॅप्सूल खाऊन झाकायची का?

आणि मन. डिप्रेशन असतंच, पण त्याहून मोठी भीती म्हणजे बायकोला लागण होईल ही. गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) टीएनडी, म्हणजे टेस्टमध्ये न सापडण्याइतका कमी, राहिला तर संबंधातून एचआयव्ही पसरत नाही, हे सिद्ध झालेलं आहे, तरी कित्येकांना कोणी नीट बसवून सांगितलेलंच नाही.

आता कॅप्सूलचं. हर्बल म्हणून विकलेल्या अशा मालात सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, लपवलेलं बऱ्याचदा सापडलंय. सेकंड लाईनच्या, म्हणजे पहिल्या एआरटी गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर देतात त्या, बऱ्याच गोळ्यांत रिटोनाविर नावाचं औषध असतं, त्याने सिल्डेनाफिलचं शरीरातलं प्रमाण सुमारे ११ पट होऊ शकतं. म्हणून डॉक्टर अशा पेशंटला ४८ तासांत २५ एमजीच्या वर देत नाहीत. त्यात हार्टसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर बीपी एकदम पडून माणूस जाऊ शकतो, आणि त्याला माहीतही नसतं की आपण नेमकं काय खाल्लं.

लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी तुम्ही त्या छापता. कृपया बंद करा. त्या जागी १०९७ हा एड्स हेल्पलाईनचा फुकट नंबर छापा. आणि एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना हात जोडून विनंती, पेशंट सांगेल याची वाट बघू नका, वजन आणि खोकला विचारता तसं हेही तुम्हीच विचारा, शक्य असेल तिथे पुरुष काउन्सेलर द्या.

– एक वाचक (नाव छापू नये)