स्टुडिओ नको, कॉलर माइक द्या : कोल्हापूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती,
कोल्हापूर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्ही कोल्हापुरात कॅमेरा, ध्वनी आणि संकलनाचं काम करणारी माणसं आहोत. १३ ते १७ वयाच्या मुलामुलींसाठी जिल्ह्यात व्हिडिओ केंद्रं सुरू व्हावीत आणि त्यांचे कार्यक्रम स्थानिक केबलवर दिसावेत, ही आमची मागणी आहे. मात्र असा विषय निघाला की पहिला प्रस्ताव येतो तो वातानुकूलित स्टुडिओचा : हिरवा पडदा, भिंतभर दिवे, एक मोठा कॅमेरा. त्याला आमचा विरोध आहे. तो का, आणि त्याऐवजी नेमकं काय हवं, हे सांगायला हे पत्र लिहितो आहोत.

हिरव्या पडद्याला सगळीकडे सारखा उजेड लागतो. माणूस पडद्यापासून सहा-सात फूट पुढे बसवावा लागतो, नाहीतर हिरवी झाक गालांवर आणि केसांच्या कडांवर उतरते. वर्गखोलीत बाकं बाजूला सारूनही तेवढी जागा मिळत नाही. आणि मुळात मुलांनी जे दाखवायचं ते खोलीबाहेर आहे. हुपरीचा चांदी कारागीर, चप्पल शिवणारे हात, तालमीतला हौदा, पंचगंगेचा घाट, शिरोळच्या पूररेषेतली घरं, हे सगळं सोडून मुलांना पडद्यासमोर उभं करण्यात काय अर्थ आहे?

आमच्या हिशेबाने एका केंद्रात २४ मुलं असावीत, सहा-सहा जणांचे चार गट. गटामागे एक संच. संचात मध्यम किमतीचा फोन, तीन पायांचा दणकट ट्रायपॉड, फोन धरणारा क्लॅम्प, वायरचा कॉलर माइक, कानावर पूर्ण बसणारा हेडफोन, दोन मेमरी कार्ड, एक पॉवर बँक आणि तीन बाय दोन फुटांचा पांढरा थर्माकोल. थर्माकोल वाचून कुणी हसू नये. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली पडलेली काळी सावली घालवायला त्याच्याइतकं स्वस्त साधन नाही, आणि मोठ्या चित्रीकरणांतही तो रोज वापरला जातो.

संचाला शंभर रुपये मिळणार असतील, तर त्यातले चाळीस माइक, हेडफोन आणि ट्रायपॉडवर खर्च करावेत, अशी आमची ठाम शिफारस आहे. चित्र थोडं मळकट असलं तरी लोक बघतात. आवाज कळला नाही की दुसऱ्या मिनिटाला चॅनेल बदलतात. सरकारी खरेदीत नेमकं उलटं होतं. ‘व्हिडिओ किट’ एवढंच लिहिलं की रिंग लाइट (गोल दिवा) आणि गिंबल (फोन हलू न देणारा दांडा) येतात, हेडफोन राहून जातो. मग मुलाखत रेकॉर्ड झालीच नव्हती हे घरी गेल्यावर कळतं.

खरेदीत आणखी एक चूक हमखास होते. कॉलर माइकच्या प्लगवर दोन काळ्या रेषा असतील तर तो कॅमेऱ्यासाठी बनलेला असतो. फोनला तीन रेषांचा प्लग लागतो. दोन रेषांचा माइक फोनला लावला तर फोन त्याला ओळखत नाही आणि स्वतःच्याच माइकवरून रेकॉर्ड करत राहतो. स्क्रीनवर लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, हलताना दिसते, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. आता पुष्कळ फोनना गोल जॅकच नसतो, तिथे टाइप-सीचं अॅडॉप्टर लागतं, आणि प्रत्येक अॅडॉप्टर प्रत्येक फोनवर चालत नाही. म्हणून फोन, अॅडॉप्टर आणि माइक एकाच निविदेत घ्या आणि एक संच प्रत्यक्ष चालवून दाखवल्याशिवाय बिल काढू नका. वायरलेस माइक पहिल्या वर्षी नको. स्वस्तातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि जत्रेत किंवा फुटबॉलच्या मैदानात शेकडो फोन त्याच पट्ट्यात असले की आवाज तुटतो.

शिकवण्याचा क्रमही उलटा हवा. पहिले दोन आठवडे कॅमेरा नाही, फक्त आवाज. माइक हनुवटीपासून एक वीत खाली लावायचा, वायरला कपड्याच्या आत एक वळसा द्यायचा म्हणजे ओढ बसून खरखर होत नाही. बोलण्याची लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायची. पंखा बंद करायचा. मुलाखत संपली की सगळ्यांनी गप्प उभं राहून त्या जागेची ३० सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. दोन वाक्यं जोडताना मधली पोकळी भरायला तीच लागते.

कॅमेऱ्याचा पहिला नियम आपल्या विजेमुळे ठरतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बऱ्याच ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोन मात्र सहसा सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेला असतो. मग शाळेच्या खोलीत चित्रावरून काळे पट्टे सरकत राहतात आणि नंतर ते काढणं फार कठीण असतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, १/५० सेकंदावर लॉक केला की प्रश्न मिटतो. दुसरा त्रास जास्त छुपा आहे. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फोन फ्रेमचा वेग आपोआप बदलतो, आणि लांब मुलाखतीत ओठ व आवाज हळूहळू वेगळे पडतात. फ्रेमचा वेग लॉक करणारं मोफत अॅप सुरुवातीपासून वापरावं. तसं चित्रीकरण आधीच झालं असेल, तर एडिटला बसण्यापूर्वी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर वेगात बदलून घ्यावी.

गुऱ्हाळ हा पहिल्या सत्राचा उत्तम धडा आहे, कारण तिथे सगळ्या अडचणी एकाच ठिकाणी भेटतात. थंडीच्या सकाळी बाहेरून आत गेलं की काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, वाफेने लेन्स धुरकटते. ती पुसत बसू नये. फोन बंद पिशवीत ठेवून आत वीस मिनिटं थांबावं. पांढरी वाफ आणि अंधारं छप्पर यांत फोनचा उजेड वरखाली होतो, म्हणून गुळव्याच्या (गूळ करणाऱ्याच्या) चेहऱ्यावर एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं प्रमाण, लॉक करावं. चरकाचा आवाज मुलाखतीला मारक असतो. तो आधी वेगळा एक मिनिट घ्यावा, मुलाखत फडाच्या बाजूला घ्यावी आणि एडिटमध्ये चरकाचा आवाज खाली हळू ठेवावा. काहिलीजवळ फोन तापून बंद पडतो, तेव्हा शॉट छोटे घ्यावेत : वाइड, हात, चेहरा, उकळती काकवी, पुन्हा हात. प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता.

संकलनासाठी एका केंद्राला दोन संगणक पुरतात. हा आकडा हिशेबातून आला आहे. सत्र १२ आठवड्यांचं, शनिवार-रविवार सकाळी तीन-तीन तास, म्हणजे ७२ तास. चार आठवडे शिकणं, चार चित्रीकरण, चार संकलन. प्रत्येक गटाने सत्रात सहा मिनिटांची एक फिल्म करायची. शिकाऊ हाताला तयार फिल्मच्या एका मिनिटाला किमान दोन तास लागतात असं धरलं, तर सहा मिनिटांच्या फिल्मला १२ तास. चार गटांचे ४८ तास झाले आणि चार आठवड्यांत दोन संगणकांवर बरोबर ४८ तास मिळतात. संगणकांना १६ जीबी रॅम आणि एसएसडी हवी. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर लिनक्स असेल, तर डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती तिथे फोनच्या एच.२६४ प्रकारच्या व्हिडिओ फाइल उघडत नाही. तिथे केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही मोफत सॉफ्टवेअर वापरावीत, प्रॉक्सी फाइल, म्हणजे मूळ चित्रीकरणाच्या हलक्या प्रती, बनवून.

मराठी पाट्यांबद्दल आम्ही विशेष आग्रही आहोत. जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हं होतो, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. फक्त युनिकोड वापरावं, आणि संकलनाला प्रीमियर हे सॉफ्टवेअर असेल तर त्यात दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडावं. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. तिरो देवनागरी मराठीसारखा फाँट निवडला की ती नीट येतात. आपल्या मुलांनी आपलं अक्षर आपल्या वळणाने पडद्यावर बघावं, ही बाब आम्हाला लहान वाटत नाही. तसंच बोलीचं. राधानगरीची आजी जशी बोलते तशीच ऐकू यावी. चंदगडचं बोलणं शिरोळला कळणार नसेल तर खाली पाटी द्यावी.

आता प्रक्षेपणाकडे येतो, कारण घोषणा करताना चूक होते ती इथे. एका केंद्रातून वर्षाला दोन सत्रांत आठ फिल्म निघतील. बाराही तालुक्यांत केंद्रं झाली तरी ९६ फिल्म, म्हणजे ५७६ मिनिटं. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा तर १,५६० मिनिटं लागतात. तेवढं साहित्य तयार होणार नाही, आणि मग वेळ भरायला भाषणं व सत्कार दाखवले जातील. पहिल्या वर्षी करवीर, शाहूवाडी, गडहिंग्लज आणि शिरोळ हे चारच तालुके घ्या. त्यांच्या १९२ मिनिटांत दर दोन महिन्यांनी अर्धा तास नीट भरतो. बारा केंद्रं झाली की दरमहा अर्धा तास करता येईल.

भारतात सामुदायिक रेडिओचं धोरण आहे, २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळतो, पण सामुदायिक दूरचित्रवाणीचा असा परवाना नाही. मार्ग केबलचालकाच्या स्थानिक वाहिनीतूनच जातो. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा वाहिनीची नोंदणी करावी लागते, शुल्क वाहिनीमागे १,००० रुपये आहे, आणि दाखवलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपावं लागतं. स्थानिक बातम्या फक्त कंपनी म्हणून नोंदलेल्या चालकालाच देता येतात. त्यामुळे मुलांचे कार्यक्रम माहितीपट आणि मुलाखतींपुरते ठेवावेत. शिवाय एका चालकाची वाहिनी दुसऱ्याच्या जाळ्यावर वापरता येत नाही, म्हणून फिल्मचे हक्क कुठल्याही एका चालकाच्या नावावर जाऊ देऊ नका.

गाणी उचलून लावू नयेत, मग ती कितीही लोकप्रिय असोत. हलगीवाल्याची लेखी परवानगी घेऊन आणि योग्य मानधन देऊन दहा मिनिटं हलगी वाजवून घेतली, तर वर्षभर पुरतात. १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या पालकांची मराठीत लेखी संमती हवी, काम करणाऱ्यांची आणि पडद्यावर दिसणाऱ्यांचीही. अत्याचाराच्या किंवा बालन्यायाच्या प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं हा पॉक्सो कायद्याच्या कलम २३ आणि बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं पाहिजे. आणि मुलींना फक्त सूत्रसंचालन देऊ नका. कॅमेरा, ध्वनी, नोंदी, मुलाखत, परवानग्या, संकलन ही सहा कामं प्रत्येक चित्रीकरणाला बदलायची, हा नियम योजनेतच लिहा. वर्ग सकाळी ठेवले की वाडी-वस्तीवरच्या मुली दुपारच्या एसटीने घरी पोचतात.

सामान ठेवायची जागा वरच्या मजल्यावरच असावी. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. जून ते सप्टेंबर दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल एवढं पुरे, पण जेलचा रंग बदलला की ते तापवून वाळवायला माणूस हवा. सुट्टीत बॅटऱ्या निम्म्या चार्जवर ठेवायच्या, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या नाही. ५० एमबीपीएसने एक तासाचं चित्रीकरण २२.५ जीबी होतं. सहा मिनिटांच्या फिल्मला एक तास धरला, तर केंद्राचं वर्षाचं १८० जीबी. एक टीबीच्या दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती पाच वर्षं मावतात. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

महोदय, वर ‘माणूस हवा’ असं आलं आहे, आणि सगळ्यांत जास्त पैसे तिथेच लागतील. शाळेतल्या शिक्षकावर हे जादा काम टाकलं तर ते दुसऱ्या सत्रात थांबतं. प्रत्येक केंद्राला एक शिकवणारा तंत्रज्ञ हवा, ठरलेल्या मासिक मानधनावर, किमान तीन वर्षांच्या करारावर. साहित्याच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्तीसाठी वेगळी ठेवा. मोडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात : प्लगजवळ तुटलेली माइकची वायर, सैल झालेलं चार्जिंग पोर्ट, हरवलेली ट्रायपॉडची प्लेट. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूला मंजुरी मिळेपर्यंत सत्र संपू नये, म्हणून तंत्रज्ञाच्या हाती थोडी रोख अग्रिम रक्कम असावी.

चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा स्वतः घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम हात चालवत शिकले आणि १ जून १९२९ ला त्यांनी प्रभात फिल्म कंपनी उभी केली. ते शिकणं वर्गात झालं नाही, चालू कामात झालं. आम्ही मागतो आहोत तेही तसंच शिकणं आहे.

जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांखाली चार केंद्रांचा प्रस्ताव यंदा घ्यावा, ही विनंती. संचातल्या प्रत्येक वस्तूची तपशीलवार यादी, संमतीपत्राचा मराठी नमुना आणि १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम आम्ही विनामूल्य लिहून देऊ, आणि खरेदीच्या दिवशी संच तपासायला स्वतः येऊ. शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधी तंत्रज्ञांची निवड आणि चार आठवड्यांची तयारी व्हायची असेल, तर मंजुरी फेब्रुवारीत लागेल.

आपले,
कोल्हापुरातले कॅमेरा, ध्वनी आणि संकलन क्षेत्रातले कारागीर