गड्ड्याच्या रात्री आलेल्या दादांना

बाबा लष्करातून निवृत्त झाले, पण सीमेवरचे आवाज त्यांच्यामागे सोलापूरपर्यंत आले. झोपेत दचकायचे, ओरडायचे. अशा वेळी अंगावर पंजे ठेवून त्यांना जागं करायचं, हे आमच्या कुत्रीला, राणीला शिकवायला घेतलं आणि अर्ध्यात पैसे संपले.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याने सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी काढतात त्या पैशातून, राणीच्या प्रशिक्षण संस्थेला निधी दिला. माजी सैनिकांसाठीचं काम २०१३ च्या कंपनी कायद्यात बसतं, हे तिथल्या ताईंकडूनच कळलं. सगळे कागद त्यांनीच केले. बाबांना कुठे हात जोडावे लागले नाहीत.

आणि प्रशिक्षक दादा! सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्या रात्री ते न बोलावता घरी आले. पहिल्याच आवाजाला बाबा भिंतीला टेकले, राणीही थरथरत होती. दादा काही बोलले नाहीत. बाबांशेजारी फरशीवर बसले, राणीचं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं, बाबांचा हात तिच्या पाठीवर. शेवटचा बार होईपर्यंत हलले नाहीत. पैसे घेतले नाहीत. आईने बांधलेली भाकरी आणि शेंगाचटणी तेवढी घेतली.

आता राणी बाबांना वेळेवर उठवते. दादा, ताई, कारखान्यातले सगळे, तुमचे मनापासून आभार. घरी जेवायला या, आई वाट बघतेय.