चकली कडक झाली त्यात तुझा हात नाही गं आई

ती. आई-बाबांना सा. न.,

आई, काल बंगळूरहून, दादाच्या घरून फोनवर तू जे म्हणालीस ना की आता वय झालं, हात बिघडला, चकलीसुद्धा जमेना, ते ऐकून मला झोपच नाही आली, म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवतेय. वहिनीला वाचून दाखवायला सांग, अक्षर बारीक वाटलं तर.

हात बिघडलेला नाहीये. वाटी बदललीय. मी आपल्या पंचवटीच्या घरातली तुझी ती ठोक्याची वाटी काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं, तर १५० ग्रॅम आलं, म्हणजे १५० मिली, पाण्याचं दोन्ही सारखंच असतं. मग वहिनीला दादाकडची वाटी मोजायला लावली तर ती २०० ची निघाली. आता तू म्हणशील की सगळंच त्याच वाटीने घेतलं मग काय फरक पडतो. बरोबर आहे, भाजणी आणि पाणी एकाच वाटीने घेतलं तर काही बिघडत नाही, पण मोहन तू डावाने घालतेस! आपला डाव ६० मिलीचा आहे, तिकडचा जेमतेम ४०. म्हणजे इथे चार वाट्या, ६०० मिली भाजणीला ६० मिली तेल पडायचं आणि तिथे ८०० ला ४०. मोहन निम्म्यावर आलं की चकली दगड होणारच, कोणीही केली तरी.

शिवाय भाजणी इथून दळून नेलीस, बंगळूरपर्यंत पिशवीत दबून दबून गेली. गिरणीतून आल्या आल्या पीठ फुललेलं असतं, दबलं की त्याच वाटीत कितीतरी जास्त मावतं. साधी कणीक घे, २४० मिलीच्या कपात हलक्या हाताने भरली तर १२० ग्रॅम आणि चेपून भरली तर १५० पर्यंत जाते. म्हणून पीठ आधी चमच्याने मोकळं करायचं, कपात अलगद टाकायचं आणि सुरीच्या पाठीने वरचं सपाट करायचं, शीग नको. बाबांना माहितीये हे, गावाकडे बाजरी पायलीने मोजताना शिगोशीग द्यायची की हात फिरवून, यावरून काय भांडणं व्हायची ते तेच सांगतात ना.

तर भांडीबाजारातून सपाट काठाचे कप आणि चमचे घेतलेत, ते फक्त कोरड्यासाठी. पाणी, दूध, तेल याला चोच असलेला रेघांचा जग आहे, तो ओट्यावर ठेवूनच बघायचा, हातात उचलून धरून नाही, आणि जरा वाकून डोळे रेघेच्या लेव्हलला आणायचे. पाणी कडेला किंचित चढलेलं दिसतं, मधला खालचा भाग रेघेला टेकला की झालं. कंबर दुखत असेल तर वाकूच नकोस, सरळ काट्यावर मोज. पण तेलाला १ मिली म्हणजे १ ग्रॅम धरू नकोस, ते हलकं असतं. (बाबा, म्हणूनच १ लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहितात, दुकानदार फसवत नाहीये.)

आता बाबांचं मीठ. बीपीसाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सेटमधल्या ५ मिलीच्या चमच्याने सपाट भरून एकापेक्षा थोडं कमीच, आणि त्यात लोणचं-पापडाचं पण आलं. काट्यावर मीठ मोजू नका, इतक्या कमी वजनाला घरचा काटा नीट दाखवत नाही. तिकडचं मीठ बारीक आहे, आपलं जाडं, त्यामुळे चमचा तोच असला तरी बारीक मीठ जास्त बसतं. आई, तू अंदाजाने घालतेस तो अंदाज जाड्या मिठाचा आहे, म्हणून तिकडे सगळं खारट लागतंय.

भाजी, आमटी, फोडणी यात माप-बिप काही काढू नकोस हं, उगाच चव जाईल. फक्त चकली, अनारसे, लाडूचा पाक आणि बाबांचं मीठ.

पार्सल आज टाकलंय. काट्याला दोन पेन्सिल सेल लागतात, ते आत नाहीयेत, दादाला आणून ठेवायला सांगा.

तुमची
छोटी