बाबा, तुमचा बायोडाटा लिहिलाय

इंदूर
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "पेन्शन नाही, काही नाही, मग फौज सोडून करणार काय?" मी वर्ग सुरू होतोय म्हणून फोन ठेवला. वर्गाला खरं तर अर्धा तास होता. त्या प्रश्नाला फोनवर देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून ठेवला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. आज रविवार आहे, सगळं सविस्तर लिहिते.

बाबा, तुमची काळजी मला कळते. आपलं घर पेन्शनवर उभं राहिलं. माझी कॉलेजची फी, आईचं ऑपरेशन, विहिरीवरची मोटर, सगळं त्याच पैशांतून झालं. अधिकाऱ्याला पेन्शन मिळायला २० वर्षं लागतात आणि माझी १० झालीत. माझी शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी. ती संपली की एकरकमी ग्रॅच्युइटी घ्यायची आणि घरी यायचं. त्यात १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाचं पेपरातलं कात्रण तुम्ही देवघराशेजारच्या कपाटावर चिकटवून ठेवलंय. सर्वोच्च न्यायालयानं बायकांना कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत फौजेत राहण्याचा, हक्क दिला, आणि आपली मुलगी तो न घेताच परत येतेय, हे तुम्हाला बोचतंय. तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, पण मला माहीत आहे.

मी पुष्कळ विचार केला. त्या निकालासाठी ज्या अधिकारी बायका वर्षानुवर्षं लढल्या, त्यांच्याविषयी माझ्या मनात किती आदर आहे हे तुम्हाला सांगायला नको. पण मला जे काम करायचंय ते बाहेर आहे, आणि नव्यानं शिकायचं तर तेहतिसाव्या वर्षी शिकलेलं बरं. अजून चार वर्षांची मुदतवाढ घेतली असती तर सदतिसाव्या वर्षी याच दारात उभी राहिले असते.

इथलं सांगते. फौजेतून बाहेर पडणाऱ्यांसाठीचा जो कोर्स मी करतेय तो २४ आठवड्यांचा आहे. डीजीआर, म्हणजे संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसनाचं खातं, तो चालवायला आयआयएमसारख्या संस्थांना देतं. फीचे ६० टक्के ते भरतात, ४० टक्के मी भरलेत. आई, तू सगळ्यांना "पोरगी एमबीए करतेय" असं सांगतेस, तसं नको सांगूस. हा एमबीए नाही, सर्टिफिकेट कोर्स आहे. पूर्ण एमबीए करणारेही आहेत. माझ्याबरोबरचा एक कॅप्टन जीमॅट ही प्रवेश परीक्षा देऊन हैदराबादला एक वर्षाच्या कोर्सला गेला, मोठं कर्ज काढून. मला ते ओझं घ्यायचं नव्हतं. माझ्या वर्गात ५४ वर्षांचे एक कर्नल आहेत. पहिल्या बाकावर बसतात, नवी वही घेऊन आलेत, आणि ताळेबंद समजला नाही की हात वर करून पुन्हा विचारतात. त्यांच्याकडे बघून मला धीर येतो.

अकाउंट्स मलाही जड गेलं. फौजेत बजेट मिळतं, ते वेळेत आणि नियमानं खर्च करायचं असतं. नफा हा शब्द १० वर्षांत माझ्या तोंडून निघाला नव्हता. आणि माणसांचंही तसंच आहे. माझ्या हाताखालचा जवान उद्या नोटीस देऊन दुसऱ्या युनिटला जाईल ही भीती मला कधी नव्हती. बाहेर चांगला माणूस टिकवून ठेवणं हेच निम्मं काम आहे, असं सर सांगतात.

पण मला आज खरं सांगायचंय ते बायोडाटाबद्दल.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला बायोडाटा लिहून आणायला सांगितला. मी दोन पानं झकास टाइप करून नेली. मॅडम पेन्सिल घेऊन बसल्या आणि ज्या शब्दाचा अर्थ बाहेरच्या माणसाला कळणार नाही त्याला गोल करत गेल्या. ओसी, एफओएल, एडब्ल्यूएस, सप्लाय पॉइंट. दोन पानांत २३ गोल. मग एडब्ल्यूएसवर पेन्सिल टेकवून त्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "अ‍ॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग." "म्हणजे?" मग मी सांगत सुटले. काश्मीरहून लडाखला जाताना लागणारी झोजिला खिंड साडेअकरा हजार फुटांवर आहे, बर्फ पडला की रस्ता बंद. पलीकडच्या पोस्टवरच्या पोरांना हिवाळाभर लागणारं पीठ, डाळ, तेल, रॉकेल, औषधं, सगळं उन्हाळ्यातच वर चढवावं लागतं. माणसं किती, दिवस किती, गाड्या किती, वाटेत दरड कोसळली तर किती दिवस जातील, नासधूस किती धरायची, हे सगळं महिनोन् महिने आधी मांडायचं. हिशेब चुकला तर जानेवारीत तिथं कोपऱ्यावर दुकान नसतं.

मॅडम ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग हेच का लिहिलं नाहीस? हे वाचून कुठलाही गोदामवाला तुला बोलावेल." आणि मी लिहिलं काय होतं? "एडब्ल्यूएस ड्यूटी, दोन सीझन."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सारखे तुम्ही डोळ्यांसमोर येत होता, बाबा.

वर्गात एबीसी अ‍ॅनालिसिस म्हणून एक प्रकार शिकवला. भांडारातल्या वस्तूंचे तीन गट करायचे. थोड्या पण मोलाच्या त्या अ गटात, त्यांची मोजणी वरचेवर करायची. पुष्कळ पण स्वस्त त्या क गटात, त्या अधूनमधून मोजल्या तरी चालतात. मधल्या मधे. सर फळ्यावर आलेख काढत होते आणि मला तुमचं बोलणं आठवत होतं. तुम्ही कोत एनसीओ, म्हणजे शस्त्रागार सांभाळणारे, होतात तेव्हाचं. "रायफल आणि दुर्बीण रोज मोजायची. मग-प्लेट महिन्याला मोजली तरी चालते. सगळंच रोज मोजायला बसलास तर रायफल मोजायची राहते." मी शाळेत असताना सांगितलं होतंत, माझं दप्तर आवरताना. पुढं सीक्यू, म्हणजे तुकडीचं भांडार सांभाळणारे, झालात तेव्हा जुना माल पुढं आणि नवा मागं, ही तुमची शिस्त. सुट्टीवर आलात की आपल्या ज्वारीच्या पोत्यांवरही खडूनं तारीख घालायचात. आई हसायची. इथं त्याला फिफो म्हणतात आणि त्यावर परीक्षेत प्रश्न येतो.

१९७९ ला भरती झालात आणि २००३ ला हवालदार म्हणून घरी आलात. २४ वर्षं. फौजेच्या एका कंपनीचं, म्हणजे तुकडीचं, कपडालत्ता, तंबू, भांडी, सगळं लेजर तुमच्या सहीवर चालायचं. तपासणीचा बोर्ड बसला की एकेक सुई दाखवावी लागायची. आणि बाहेर आल्यावर तुमच्या हातात काय आलं? डिस्चार्ज बुक, त्यात "कॅरॅक्टर: एक्झम्प्लरी" असा शिक्का, आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवरचं स्टूल. भंगाराच्या गाडीचं तुम्ही आईला सांगितलं होतंत, तिनं ते मला फार उशिरा सांगितलं. गेटपासवर लिहिलेला माल आणि गाडी ज्या तऱ्हेनं स्प्रिंगवर बसली होती ते जुळत नाही, हे तुम्ही नुसतं बघून ओळखलंत. आत जाऊन सांगितलंत. आणि तुमच्या निम्म्या वयाचा साहेब म्हणाला, "काका, तुम्ही फक्त गाडीचा नंबर लिहा." तुम्ही ११ वर्षं नंबर लिहिलेत.

मला त्या साहेबाचा राग अजून येतो. पण आता इथं बसून मला हेही दिसतंय की त्याच्या हातात तुमचा जो कागद होता त्यावर "एक्स-सर्व्हिसमन, हवालदार, वय ४३" एवढंच होतं. त्याला सीक्यू म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि तुम्हाला ते त्याच्या भाषेत सांगायला कुणी शिकवलं नव्हतं. हा कोर्स मला जे देतोय ते बहुतेक हेच आहे. काम मला येत होतं. त्याचं नाव बाहेर काय घेतात ते आता कळतंय.

गेल्या रविवारी आम्ही काही जण महूला जाऊन आलो, इथून जवळच आहे. बाबासाहेबांच्या जन्मस्थळी गेलो. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथंच लष्करी शाळेत शिकवत होते. निवृत्तीनंतर ते साताऱ्याला आले आणि आपल्याच खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावर तलाव खणत होते तिथं, रोखपाल म्हणून लागले. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या मातीत फौजेतून परतलेला माणूस दुसरी नोकरी शोधत किती पिढ्यांपासून फिरतोय, असं तिथल्या पायऱ्यांवर बसून वाटत राहिलं. हिशेबाची वही धरणारा सुभेदार आणि वजन ओळखणारा हवालदार. दोघंही आपल्याच तालुक्यातले झाले.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी गोदामांच्या आणि शीतगृहांच्या कामात जाणार आहे. भिवंडीच्या बाजूला दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत, अजून पक्कं काही नाही, म्हणून नावं लिहीत नाही. एका मुलाखतीत "पगार किती अपेक्षित आहे" असं विचारलं आणि मी गप्प झाले, कारण आजवर माझा पगार सरकारी वेतनश्रेणीच्या लेव्हलनं ठरत आला. आता त्याची तयारी करतेय. पेन्शन नसेल, हे खरं. म्हणून ग्रॅच्युइटीला हात लावणार नाही, ती तशीच गुंतवणार, आणि दर महिन्याला बाजूला काय टाकायचं तेही मांडून ठेवलंय. तो कागद सोबत पाठवतेय. बाबा, तो लेजर तपासता तसा तपासा आणि चूक असेल तिथं लाल खूण करा.

संतोषदादाला एक निरोप द्या. तो पुढच्या वर्षी हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी येतोय ना? त्याला सांगा, अंगावर वर्दी आहे तोवरच युनिटमधून डीजीआरच्या कोर्सला अर्ज टाक. जवान आणि जेसीओंना, म्हणजे सुभेदार वगैरेंना, त्याची फी पडत नाही, सगळी सरकार भरतं. घरी आल्यावर करू म्हणाला तर राहून जाईल. तो दहावीवर भरती झालाय म्हणून मनात कमीपणा धरतो. त्याला सांगा की १५ वर्षं नोकरी झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या, तांत्रिक सोडून, पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीनं धरतात. प्रोजेक्ट मॅनेजमेंटची पीएमपी नावाची परीक्षा आहे, तिलाही पदवी लागतेच असं नाही. पदवीवाल्याला काम सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, बारावीवाल्याला ६० महिन्यांचा, आणि ३५ तासांचं शिक्षण. बारावी त्यानं बाहेरून केलीय का ते विचारा. केली नसेल तर आता करू दे. पहिली मिळाली ती गार्डची नोकरी घाईनं धरू नकोस म्हणावं. धरावी लागलीच तर त्यात लाज नाही, पण बायोडाटा आधी मला पाठव. मी बसून लिहून देईन.

कारण एक आता लिहून झालाय. त्या झोप न लागलेल्या रात्री मी तुमचा बायोडाटा लिहिला, बाबा. एक पान आहे, सोबत जोडलंय. तुम्ही ६४ वर्षांचे आहात, आता कुठं नोकरीला जायचं नाही, हे मला कळतं. तरी लिहिला. "भांडार व्यवस्थापन, २४ वर्षांच्या सेवेपैकी ९ वर्षं. शस्त्रसाठ्याची दैनंदिन मोजणी. रसद आणि कपड्यांच्या मागणीचं नियोजन. कालबाह्य साहित्य कंडम करण्याची प्रक्रिया." मॅडमना दाखवला, कुणाचा ते न सांगता. त्यांनी विचारलं, हे गृहस्थ सध्या कुठं असतात. मी म्हटलं, गावी, शेती बघतात.

त्यांनी एकाच जागी पेन्सिल टेकवली. किती माणसांसाठी आणि किती वस्तूंचं, तो आकडा घाला म्हणाल्या. तो मला माहीत नाही. कंपनीची नफरी किती होती आणि लेजरवर आयटेम किती होते, तुमच्या लक्षात असेल. आई, काळ्या ट्रंकेत तळाशी डिस्चार्ज बुकाखाली त्यांची ती निळी वही आहे, तिच्यात असेल कदाचित. मोबाइलवर पानांचा फोटो काढून पाठव. उजेडात काढ, गेल्या वेळी अंधारात काही वाचता आलं नाही.

दोन जागा मोकळ्या ठेवल्यात.

तुमची,
ताई