फोकस तीन मीटरवर लावून ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कपाटात पडून असलेले फिल्मचे कॅमेरे मुलं पुन्हा हातात घेऊ लागली आहेत, याचा फार आनंद वाटतो. पण प्रत्येक फोटोआधी फोकसची रिंग फिरवत बसलं की समोरचं हसू विरून जातं. सहज, खेळकर फोटो हवा असेल तर सगळी मापं घराबाहेर पडण्याआधीच लावून ठेवावीत.

४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील ते) कृष्णधवल फिल्म, ३५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ ११, शटर १/५०० सेकंद, फोकस ३ मीटर. एवढं केलं की साधारण पावणेदोन ते पंधरा मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. कॅमेरा छातीशी धरूनही फोटो घेता येतो. (५० मिमी लेन्सला हाच पट्टा सव्वादोन ते पाच मीटर.) आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबरच्या पांढऱ्या बाराबंद्या कडक उन्हात असतील, तर या मापाने एक स्टॉप, म्हणजे हवा त्याच्या दुप्पट, प्रकाश पडतो. निगेटिव्हला तेवढा सहज चालतो. कमी पडलेला चालत नाही. सावलीत काही उमटलंच नाही तर नंतर काढणार कुठून? म्हणून गल्लीच्या सावलीत शिरताना शटर १/१२५ करा, बाकी काही हलवू नका.

रोल भरल्यावर ढिली फिल्म ताणून घ्या आणि लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची कळ फिरते का ते पाहा. फिरत नसेल तर फिल्म आतल्या चाकाच्या दातांवर बसलेलीच नाही, छत्तीसही फोटो कोरे जाणार.

घरी रोल धुणाऱ्यांची खरी परीक्षा आपल्या उन्हाळ्यात. एचपी-५ या कृष्णधवल फिल्मला डी-७६ हा डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) एकास एक पाण्यात मिसळून २० अंशांवर ११ मिनिटं लागतात. मे महिन्यातल्या टाकीच्या गरम पाण्यात हाच वेळ पाच मिनिटांच्या आत येतो आणि डेव्हलपर सगळीकडे सारखं काम करत नाही. आकाशात पट्टे उठतात. बाटल्या बर्फाच्या परातीत ठेवून २४ अंशांवर आणा आणि ८ मिनिटांच्या आसपास धरा. फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि शेवटचं पाणीही त्याच तापमानाचं हवं. एकदम गरम नळाखाली धरली तर फिल्मवरचा थर सुरकुततो, आणि ते कशानेही दुरुस्त होत नाही.

ज्या जुन्या स्टुडिओंकडे धुण्याच्या टाक्या, थर्मामीटर पडून असतील, त्यांनी ते भंगारात न घालता या मुलांना द्यावेत, ही कळकळीची विनंती.

— दोन वाचक, सोलापूर