‘कवडीचुंबक’ शब्दाची फोड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीतील शब्दांविषयीच्या सदरात ‘कवडीचुंबक’ म्हणजे ‘लोहचुंबकाप्रमाणे कवड्या ओढून घेणारा’ अशी फोड वाचली. ती सहज पटण्यासारखी असली तरी उलट्या बाजूने केलेली आहे. संस्कृतातील ‘चुम्ब्’ धातूचा अर्थ मुका घेणे. त्यावरून ‘चुंबक’ म्हणजे मुका घेणारा, आणि लोखंडाला बिलगणाऱ्या दगडाला ‘लोहचुंबक’ हे नावही याच अर्थावरून पडले. तेव्हा कवडीचुंबक म्हणजे कवडीचे चुंबन घेणारा, हातातली कवडीसुद्धा जिवापलीकडे जपणारा. ओढून घेणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘लोभी’ आणि ‘हावरट’ हे शब्द आहेतच. कवडीचुंबकाचे दुखणे वेगळे, त्याच्या हातून सुटत नाही. आमच्याकडे वऱ्हाडीत ‘लय चिकट हाये थो’ म्हणतात, त्यातही हेच बिलगणे आहे.

आता ज्या कवडीवर हा जीव जडतो, तिची किंमत पाहावी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात, म्हणजे इ. स. 1150 च्या सुमारास, 20 कवड्यांची एक काकिणी, 4 काकिणींचा एक ‘पण’ आणि 16 पणांचा एक द्रम्म असे जुन्या नाण्यांचे कोष्टक दिले आहे. म्हणजे एका द्रम्माला 1280 कवड्या पडत. (आपली ‘दमडी’ याच द्रम्माच्या कुळातली, आणि द्रम्म मूळचा ग्रीकांच्या नाण्यावरून आलेला.) मालदीवच्या समुद्रातून येणारी ही कवडी एकोणिसाव्या शतकापर्यंत देशाच्या काही भागांत चलनात होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ती आजही पोळ्याला बैलाच्या गळ्यातील माळेत आणि तांड्यांवरील बंजारा स्त्रियांच्या कशिद्यात दिसते. पाठ गुळगुळीत, पोटाशी दातेरी फट, आकाराने बोटाच्या पेराएवढी. विनिमयातील सर्वांत हलकी वस्तू हीच, म्हणून तिचे चुंबन घेणारा हा कंजूषपणाचा कळस ठरला.

याच कवडीवरून ‘कवडीमोल’ शब्द आला आणि कापूस, सोयाबीनच्या भावाच्या बातम्यांतून तो दरवर्षी आपल्या अंकात छापला जातो. ज्याचा माल कवडीमोल जातो, तो शेतकरी बी-बियाण्याचा, फवारणीचा, लेकराच्या फीचा हिशेब करून रुपया रुपया जपतो, आणि गावाबाहेरचे लोक त्यालाच कवडीचुंबक म्हणून मोकळे होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याच्यासाठी ‘काटकसरी’ हा नेमका शब्द मराठीत आहे. गरजेपुरते राखून ठेवणारा आणि असूनही पोटच्या पोराच्या औषधाला पैसा न सोडणारा, यांना एकाच शब्दात बसवणे अन्यायाचे आहे.

‘कृपण’ हा जुना शब्दही येथे विचारात घेण्यासारखा आहे. तो ‘कृपा’ शब्दाचा सख्खा नातलग, आणि त्याचा मूळ अर्थ दीन, कीव करण्याजोगा. गीतेत ‘कृपणाः फलहेतवः’ (फळासाठी कर्म करणारे दीन होत) येते ते याच अर्थाने. पैसा न सोडणारा हा अर्थ त्याला पुढे चिकटला.

सदराच्या पुढील भागात कवडीचुंबकाची फोड दुरुस्त करून छापावी आणि शक्य झाल्यास ‘काटकसरी’ शब्दालाही त्याच सदरात जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ