तुझी गिटार बॅगेत राहू दे

स्टुटगार्ट,
१२ मार्च

चि. बाळू,

अनेक आशीर्वाद. आई-नानांना नमस्कार सांग.

रविवारी तू फोनवर म्हणालास, "ताई, चार पोरं शिकायला येणार आहेत, आता काय करू?" आणि मागून नाना ओरडले, "आधी फी घे म्हणा!" तेवढ्यात फोन कट. परत लावला तर आईनं घेतला, मग जेवण, थंडी आणि जावयांचा खोकला एवढंच झालं. म्हणून लिहूनच पाठवते. फीचं नाना बरोबर बोलले, पण ते नंतर.

आधी माझी फजिती ऐक. इथला माझा पहिला विद्यार्थी १४ वर्षांचा होता. पहिल्याच तासाला मी त्याला २० मिनिटं वाजवून दाखवलं. त्याला गोडी लागावी म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मलाच शाबासकी हवी होती. पोरगा गुडघ्यावर हात ठेवून बघत बसला. तिसऱ्या तासानंतर त्याच्या आईचा निरोप आला, की त्याला हे आपल्याला जमणारं वाटत नाही.

जळगावला मी शिकत होते ते आठवतं ना तुला? सरांनी दोन महिने नुसती बोटं फिरवून घेतली, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, एकेका तारेवर. गाणं एक नाही. माझ्याबरोबरच्या मुली एकेक करून गळाल्या. मी टिकले ती हट्टी म्हणून, शहाणी म्हणून नव्हे. सरांनी गाणं दिलंच नाही आणि मी माझंच वाजवत बसले. पोरांनी सोडलं ते दोन्हीकडे सारखंच.

तेव्हापासून तासाला माझी गिटार बॅगेत असते. ४५ मिनिटांत मी ती जेमतेम दोनदा बाहेर काढते. तूही तसंच कर. तुला अवघड जाईल, कारण तुझा हात माझ्यापेक्षा गोड आहे आणि तुला ते माहीत आहे.

पहिल्या तासाला सूर तूच लावून दे. ते शिकवायची घाई करू नकोस. नवखा भलतीच खुंटी पिळतो आणि बारीक तार तोडतो. मोबाइलवरचं ट्यूनर महिन्याभरानं दाखव. मग ई मायनर ही कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा मेळ. दोन बोटं, पाचव्या आणि चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं दुसरं घर), आणि सगळ्या तारा वाजवल्या तरी चुकत नाही. ('पहिली तार' म्हणजे सगळ्यात खालची, बारीक, हे चारचारदा सांगावं लागतं. पोरं वरून मोजतात, त्यांचंही बरोबरच आहे.) बोट धातूच्या पट्टीवर नको, तिच्या अगदी मागे लागून हवं, म्हणजे निम्म्या जोरात आवाज मोकळा येतो. घरी जाताना पोराच्या कानात स्वतः वाजवलेलं काहीतरी असलं पाहिजे, मग ती एकच कॉर्ड का असेना.

पुढच्या आठवड्यात ए मायनर, त्यानंतर सी. या दोघांची जोडी मला फार आवडते. ए मायनरवरून सीवर जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलत नाही, फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटला न्यायची. पण हे कोणी सांगितलं नाही तर पोरं तिन्ही बोटं उचलतात, हवेत धरतात आणि पुन्हा शोधत बसतात. घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा अदलाबदल होते ते मोज आणि वहीत लिही. माझ्याकडे एक ५८ वर्षांचे बसड्रायव्हर येतात. त्यांनी ८ पासून सुरुवात केली, परवा ३१ झाले. इतके खूश झाले की जिना उतरताना मोठमोठ्यानं मोजत गेले. खालच्या आजींनी दार उघडून बघितलं. (त्या आजींना मी जपून असते. इथे इमारतीचा जिना आळीपाळीनं झाडायचा असतो आणि माझी पाळी चुकली की त्या दाराला पाटी अडकवतात. रात्री १० नंतर तर तार छेडायची सोय नाही.)

ड्रायव्हरकाकांची बोटं नानांसारखी, जाड. एक तार दाबली की शेजारची मुकी व्हायची. आधी मी त्यांनाच दोष देत राहिले, मनगट वळवा, बोटं उभी ठेवा. मग लक्षात आलं, गिटारच त्यांच्या मापाची नाही. स्टीलच्या तारांच्या गिटारचा गळा वरच्या टोकाला साधारण ४३ मिलीमीटर रुंद असतो, नायलॉनच्या क्लासिकलचा ५२. तेवढ्या ९ मिलीमीटरनं माणूस वाचला. तुझ्याकडे लहान पोरं असतील तर त्यांच्या बापांना ४१ इंची गिटार घेऊ देऊ नकोस. "मोठा झाला की चालेल" म्हणून सायकल घेतात तसं करतात. ९-१० वर्षांच्या पोराला ३६ इंची पुरते. आणि तारा फार उंच असतील तर आधी दुकानात नेऊन खाली करून आणायला सांग. अर्धी पोरं गिटारमुळे सोडतात आणि नाव स्वतःला ठेवतात.

बोटं दुखतील हे पहिल्याच दिवशी सांगून टाक. दोन-तीन आठवडे टोकं हुळहुळतात, मग घट्टे पडतात. आपल्याकडे हे समजवायला सोपं आहे. कापूस वेचायच्या दिवसांत आईची बोटं बोंडांनी कशी ओरबाडलेली असायची! इथे मला हे सांगायला कापूस नाही, मी आपली स्वतःची बोटं पुढे करते.

रोज १० मिनिटं वाजवलेलं रविवारच्या दीड तासाहून चांगलं. एफची बार कॉर्ड पहिल्या तीन महिन्यांत काढूच नकोस. काढलीस तर आधी पाचव्या फ्रेटवर आडवं बोट दाबायला शिकव, तिथे तार मऊ लागते; पहिल्या फ्रेटला ती सगळ्यात ताठ असते. मी त्या एफवर रडले होते, आठवतं? तू दाराआडून हसत होतास. विसरलेले नाही.

तारांची नावं पाठ करायला इथल्या पोरांचं एक वाक्य आहे: 'आइन आनफेंगर डेर गिटारं हाट आइफर', म्हणजे गिटारच्या नवशिक्याला हुरूप असतो. जाड तारेपासून एकेक शब्द एकेक तार. आता यात गंमत बघ. आपण जिला बी म्हणतो तिला हे लोक 'हा' म्हणतात, आणि बी म्हटलं की त्यांना बी फ्लॅट कळतो. सुरुवातीला मी म्हणे बी, समोरचा विचारी हा? मी मनात म्हणे, हाच रे बाबा, दुसरा कुठला! तुझ्यासाठी मी मराठी वाक्य केलंय, इंग्रजी स्पेलिंगची पहिली अक्षरं धर: 'एक आजी डब्यात गूळ बांधते एकटी.' ई, ए, डी, जी, बी, ई. आजीला हे ऐकवायला हवं होतं.

गाणं कोणतं द्यायचं असं विचारलंस. पोराच्या तोंडात आधीपासून जे आहे ते. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) येईल, झोके बांधतील. आई झोक्यावर म्हणते ती चाल मी ए मायनर आणि जीवर बसवली, दोनच कॉर्ड. ड्रायव्हरकाकांना अहिराणीचं अक्षर कळत नाही, पण झोक्याचा हेलकावा हातात बरोबर येतो. उजवा हात वरखाली हलता ठेवायचा, तार लागो न लागो, थांबवायचा नाही. सुपात पाखडताना आईचे हात थांबतात का? मला मात्र दोनच ओळी येतात. तिसरीला मी गुणगुणते.

आता फी. महिन्याचे चार तास, पैसे पहिल्या आठवड्यात. लग्नसराईत आणि परीक्षेत पोरं गायब होतील, तर महिन्यात एकच तास भरून देईन असं आधीच सांग. ओळखीचे आहेत, कसे मागू, असं करशील आणि दोन महिन्यांनी चिडचिड करशील. मी केलंय. पहिले तीन महिने एका मराठी घरी चहावर शिकवलं. नाना मला म्हणाले होते, "तुनं डोकं ठिकाणावर शे का?" गिटार घेतली तेव्हाही हेच म्हणाले होते, तेव्हा त्यांचं चुकलं होतं. चहाच्या वेळी नाही.

जावयांचा खोकला बरा आहे. इकडे अजून हीटर चालू असतो, हवा इतकी कोरडी की गिटारच्या बॅगेत ओलसर स्पंज ठेवावा लागतो. तू मे महिन्यात तुझी गिटार पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नकोस, गाडीत तर मुळीच नको. त्या उन्हात डिंक मऊ पडतो आणि ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली खालची पट्टी, उचलली जाते.

आईला सांग, ते अख्खं गाणं तुझ्या फोनवर म्हणून पाठव. स्वयंपाक करता करता म्हणाली तरी चालेल, भांड्यांचा आवाज आला तर येऊ दे.

तुझी,
ताई

ता. क. एप्रिलमध्ये शेजारचे भाऊ पुण्याहून इकडे येताहेत. त्यांच्याबरोबर कळण्याचं पीठ पाठव, दोन किलो. नाना पाच म्हणतील, ऐकू नकोस, विमानात वजन मोजतात.